कपाटातली माणसं

प्रिय लेकीस,
अनेक आशीर्वाद.

परवा आजोळहून फोनवर तू जे विचारलंस त्याचं उत्तर फोनवर नीट देता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले. संध्याकाळी ओट्यावर आजी, मामी आणि शेजारच्या काकू तुरीच्या शेंगा सोलत होत्या. आजी म्हणाली, "कौतिकनं काय कमी केलं? पन नवराच तसा निंघाला." काकू म्हणाल्या, "पन तिनं एवढं सोसाले नोको होतं." तुला वाटलं, गावातल्याच कुणा बाईचं चाललंय. मग मामीनं सांगितलं की कौतिक 'धग' नावाच्या पुस्तकातली आहे. त्यावर तू मला विचारलंस, "आई, इथली माणसं पुस्तकातल्या लोकांबद्दल नात्यातल्यासारखी का बोलतात? आणि आजीच्या कपाटातलं मी आधी कोणतं वाचू?"

आपल्या वऱ्हाडात वाचन हे एकट्यानं कोपऱ्यात बसून करायचं काम फारसं नव्हतंच. श्रावणात देवळात पोथी लागते. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात, मध्येच कुणी थांबवून अर्थ विचारतं, आणि त्या अर्थावरून कधी कधी पोथीपेक्षा जास्त वेळ बोलणं चालतं. आजी दासगणूंच्या गजानन विजय ग्रंथाचं पारायण करते ते तू बघितलंच असशील, २१ अध्याय. तिच्या आईला अक्षरओळख नव्हती, पण अध्याय ऐकून ऐकून पाठ होते आणि वाचणारा एखादी ओवी चुकला तर ती तिथल्या तिथे दुरुस्त करायची. कीर्तनाचंही तसंच. गाडगे महाराज आपल्याच मुलखातले, शेंडगावचे, १८७६ साली जन्मलेले. ते समोरच्या माणसांना वऱ्हाडीत प्रश्न विचारायचे आणि उत्तर घ्यायचे. कर्ज काढून सण करता काय, देवाला कोंबडं-बकरं कापता काय, पोराला शाळेत घालता काय. माणसं बसल्या जागेवरून बोलायची आणि त्या बोलण्यातून कीर्तन पुढे जायचं. ज्यांच्या आजी-आजोबांनी असं ऐकलं, त्यांच्या हातात कादंबरी आली तर ते तिच्याशीही बोलणारच. कौतिकनं काय करायला हवं होतं हे काकू सांगतात, कारण त्यांना आपलं मत विचारलं गेलंय असं मनापासून वाटतं.

मी तुझ्याएवढी असताना दुपारी आजी सुपात ज्वारी पाखडायची आणि मी मोठ्यानं वाचायची. मळणीच्या दिवसांत घरात बाया असायच्या, त्याही ऐकायला टेकायच्या. त्यांतल्या कित्येक शाळेत गेलेल्या नव्हत्या, पण कादंबरीची पारख त्यांना होती. आवडलं की एकच म्हणायच्या, "असंच असते." एवढी मोठी दाद मी पुढे कुठल्या परीक्षणात वाचली नाही. आणि नाही पटलं तर त्या उठून जायच्या.

'धग'ला असं उठून कुणी गेलेलं मला आठवत नाही. उद्धव शेळके अमरावतीचे, कादंबरी १९६० ची. घर शिंप्याचं. नवरा महादेव, हातात कसब असून काम अंगाला लावून न घेणारा. कौतिक त्याची बायको, जी सगळा संसार एकटीच्या जोरावर ओढते. त्या कादंबरीत मोठं असं काही घडत नाही. उद्याची भाकर कुठून येईल, पोराच्या शाळेचं काय, कुणाकडे हात पसरायचा आणि कुणाकडे मेलं तरी नाही, एवढंच पानोपानी चाललेलं असतं. पण शेळके कौतिकला देवी करत नाहीत. ती चिडते, भांडते, टाकून बोलते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला जाते. मराठीत सोसणाऱ्या आईची थोरवी गाणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. 'धग' थोरवी गात नाही. बाई दमली आहे हे ती लिहून ठेवते. आजीनं ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा एका जागी मला म्हणाली, "थांब थोडी, पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. तिला तो प्रसंग नीट कळला होता. कुणीतरी हे बघितलंय याची तिला खात्री करून घ्यायची होती, असं मला आज वाटतं.

बायकांचं दुःख मराठी कादंबरीत पहिल्यापासून आहे. मराठीतली पहिली मानली जाते ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', १८५७ ची, विधवांच्या हालांवरची. पुढे हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' साप्ताहिकात 'पण लक्षात कोण घेतो?' लिहिली, तीत यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगते. ती फार मोलाची आहे, कधीतरी वाच. पण यमूचं घर पुण्या-मुंबईकडचं, पांढरपेशं. तिच्यासाठी आजी हळहळायची. कौतिकसाठी ती भांडायची.

यात बोलीचा वाटा मोठा आहे. 'धग'मधली माणसं आपल्यासारखी बोलतात. आज तुला यात विशेष वाटणार नाही, पण आम्ही शाळेत असताना घरची बोली चुकीचीच ठरायची. धडा वाचताना वऱ्हाडी तोंडातून निघाली की वर्ग हसायचा, आणि हसणारी पोरंही घरी तेच बोलणारी. मग एक दिवस छापलेल्या पुस्तकात, नाव असलेल्या प्रकाशकानं काढलेल्या पुस्तकात, आपल्या आजीचं बोलणं जसंच्या तसं दिसतं. ज्यांची बोली कायमच छापली जाते, त्यांना त्यानं काय होतं हे समजणं कठीण आहे. मी त्या दिवशी 'धग'ची पानं मोठ्यानं वाचताना आवाज दाबला नाही, एवढं सांगते.

कपाटाच्या वरच्या खणात गो. नी. दांडेकरांची 'पूर्णामायची लेकरं' असेल. तिचं मुखपृष्ठ गेलंय आणि मामानं जाड कागद चिकटवलाय, त्यावरून ओळखशील. दांडेकर परतवाड्याला जन्मले, पोरवयातच घर सोडून स्वातंत्र्याच्या चळवळीत गेले आणि पुढे गाडगे महाराजांच्या सहवासात राहिले. नंतरचं बहुतेक आयुष्य ते पुण्याकडे राहिले आणि दुर्गांचे लेखक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. पण ही कादंबरी त्यांनी आपल्या बोलीत लिहिली, पूर्णेकाठच्या माणसांची. ती वाचायच्या आधी मामाला म्हणावं, मला नदीवर घेऊन चल. काळी माती, उभे कापलेले काठ, जवळच्या विहिरींचं खारं पाणी. आपला हा खारपाणपट्टा. त्या पाण्यावर पीक घेता येत नाही, म्हणून पावसाची ओल धरून ठेवलेल्या जमिनीत हरभरा होतो. या दिवसांत तो फुलावर असेल, तू येता-जाता बघत असशील. ही कादंबरी घरात बसून आधी आणि नदी नंतर असं करू नकोस. उलट कर.

मामाची स्वतःची आवड विचारलीस तर तो 'गोतावळा' म्हणेल. आनंद यादवांची, १९७१ ची, कोल्हापूरकडची. ती त्या भागाच्या बोलीत आहे, तुला पहिली काही पानं जड जातील, मामालाही गेली होती. नारबा नावाचा गडी स्वतः सांगतो. त्याला बायकापोरं नाहीत. मालकाची जनावरं हाच त्याचा गोतावळा: बैल, म्हशी, कोंबड्या, कुत्रं. मालक ट्रॅक्टर घेतो आणि एकेक जनावर घरातून जायला लागतं. बस, एवढीच गोष्ट. यंत्र वाईट आणि जुनं ते चांगलं असा सरधोपट हिशेब यादव मांडत नाहीत. ट्रॅक्टरनं मालकाचं काम भराभर होतं, हे नारबालाही दिसतं. पण जो माणूस त्या जनावरांत राहून माणूस झाला, त्याचं काय, एवढं ते विचारतात.

आपल्या गोठ्यात आज ट्रॅक्टर उभा आहे. तिथे जोडी होती. पोळ्याला मामा बैलांच्या शिंगांना रंग द्यायचा, नवं बाशिंग बांधायचा, आजी त्यांना पुरणपोळी भरवायची, आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला आम्ही पोरं लाकडी नंदी घेऊन घरोघरी जायचो. जोडी विकली त्या वर्षी पोळ्याच्या दिवशी मामा शेतावर गेला आणि रात्री आला. त्यानं ती विकली ते बरोबरच केलं, चारा विकत घेऊन बैल पोसणं परवडत नव्हतं. या गोष्टीवर तो आजही एक शब्द बोलत नाही. पण नारबाबद्दल विचार, तासभर बोलेल. तुझ्या प्रश्नाचं एक उत्तर मला इथे दिसतं. आपली माणसं स्वतःच्या दुःखाबद्दल थेट बोलत नाहीत, तसं बोलणं त्यांना कमीपणाचं वाटतं. नारबाबद्दल, कौतिकबद्दल मात्र मोकळेपणानं बोलता येतं.

वाचायला सुरुवात मात्र 'बनगरवाडी'नं कर. व्यंकटेश माडगूळकरांची, १९५५ ची. लहानशी आहे, भाषा स्वच्छ आहे, तुझ्या वाचनाच्या वेगाला झेपेल. गाव आपलं नाही, माणदेशातलं, धनगरांचं. एक तरुण मास्तर तिथल्या शाळेवर जातो. गावात आधी त्याला कुणी मोजत नाही, मग हळूहळू प्रत्येक जण आपला कागद, आपलं भांडण, आपली अडचण घेऊन त्याच्याकडे यायला लागतो. कारभारी, आनंदा रामोशी, शेकू, अशी माणसं दोन-दोन ओळींत उभी राहतात. शेकूकडे बैल एकच उरतो तेव्हा दुसऱ्या बैलाच्या जागी त्याची बायको औताला लागते. माडगूळकर ते इतक्या थोडक्यात सांगतात की आपण पान उलटून मागे जातो. मास्तर गावाकडून तालीम बांधून घेतो, सगळं जमून येतं, आणि मग पाऊस जातो. दुष्काळात मेंढरं घेऊन लोक गाव सोडतात. विदर्भातल्या माणसाला ही कादंबरी परकी वाटत नाही, कारण पावसाच्या भरवशावरचं गाव सगळीकडे सारखं असतं. शिवाय आपल्या गावातही असा एक मास्तर होता असं इथला प्रत्येक म्हातारा सांगेल.

'श्यामची आई' तू लहानपणी माझ्याकडून ऐकलीस, ४२ रात्रींमधल्या निम्म्या तरी. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. आता पुन्हा वाचलीस तर श्यामपेक्षा त्याच्या आईचं अपमान गिळणं जास्त दिसेल. ते वय तुझं आता होत आलंय.

'मृत्युंजय' जाड आहे म्हणून घाबरू नकोस. शिवाजी सावंतांची, १९६७ ची. तालुक्याच्या वाचनालयात तिची प्रत मला कधीच नीट बांधलेली मिळाली नाही, इतकी ती हातोहाती फिरलेली असायची. कर्णाची गोष्ट इथे सगळ्यांना आधीच ठाऊक असते, तरी वाचतात, कारण सावंतांनी ती कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांच्या तोंडून ऐकवली. आणि कर्णाला भर मैदानात कूळ विचारलं जातं, ही जागा. वसतिगृहात राहून शिकणाऱ्या, गुण असूनही आडनाव विचारल्यावर खाली बघावं लागलेल्या मुलांनी ते पान किती वेळा वाचलं असेल. माझ्या मते पुस्तकात शब्द फार आहेत, सावंतांना अलंकार आवरत नाहीत. पण त्या मुलांना ते सांगायला मी जाणार नाही.

'कोसला' सध्या ठेव. भालचंद्र नेमाडे, १९६३. गावाकडचा पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला जातो आणि परत येतो, एवढ्यावर मराठी कादंबरी बदलून गेली. घर सोडून दुसऱ्या शहरात एकटी राहायला गेलीस की वाच, तेव्हा ती तुझी होईल. फक्त धाकट्या बहिणीचा, मनीचा भाग येईल तेव्हा मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.

विदर्भ म्हणजे फक्त आपली काळी माती असं मात्र समजू नकोस. पार पूर्वेला गडचिरोलीचं जंगल आहे. तिथे हेमलकशाला राहून काम केलेल्या विलास मनोहरांनी 'एका नक्षलवाद्याचा जन्म' लिहिली, तिथल्या माडिया आदिवासींची. आपल्या घरात ती कुणी वाचलेली नाही. तू वाचून आजीला ऐकवलीस तर मला फार आवडेल. कापसाच्या गावाला जंगलाच्या गावाची खबर असायला हवी.

आता राहिली 'बारोमास'. सदानंद देशमुख आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातले. कादंबरी २००२ ची, तिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या काळात विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या पेपरात रोज असायच्या, आकडे असायचे. आकड्यांमागचं घर देशमुखांनी दाखवलं. एकनाथ शिकलेला आहे आणि त्याला नोकरी नाही. नोकरीला पैसे भरावे लागतात आणि ते शेतातून निघत नाहीत. वडील सुभानराव मातीला धरून बसलेले. बायको अलका शिकलेली, नोकरीवाल्याचा संसार मनात धरून आलेली. कुणीच वाईट नाही. तरी घर आतून उसवत जातं, जेवताना, पैसे मोजताना, पाहुणे आल्यावर. बियाण्याचे पैसे कुठून आणायचे या बोलण्यात नवरा-बायकोतला जिव्हाळा कसा संपतो, हे मी याआधी कुठे वाचलं नव्हतं. शेतीचं दुःख म्हणजे पाऊस आणि कर्ज एवढंच आपण मानतो. देशमुख सांगतात की ते शिकलेल्या पोराच्या लग्नापर्यंत पोचतं.

मामानं ती वाचली तेव्हा तो पदवी घेऊन नोकरीची वाट बघून दमलेला होता. वाचून झाल्यावर त्यानं ती मित्राला दिली, मित्रानं पुढच्याला, आणि ती प्रत परत आलीच नाही. कपाटात आहे ती नंतर घेतलेली. गावात त्या पिढीतल्या कुणालाही विचार, त्यानं ही कादंबरी वाचलेली असो वा नसो, एकनाथ कोण ते त्याला ठाऊक असेल.

तर असं कर. आधी 'बनगरवाडी' स्वतः वाच. मग 'धग' आजीला मोठ्यानं वाचून दाखव, दुपारी, तिची कामं चालू असताना. तिची नजर आता साथ देत नाही, पण मान्य करणार नाही, म्हणून "मला वऱ्हाडी उच्चार शिकव" असं म्हण. उच्चार ती खरंच शिकवेल आणि अर्ध्या गावाचा इतिहासही सांगेल. 'गोतावळा' मामाबरोबर. आणि परत यायच्या आधी 'बारोमास' मामीबरोबर, कारण त्या पुस्तकावरून आपल्या घरात एक भांडण आहे. आजी म्हणते, अलकानं नवऱ्याला समजून घ्यायला हवं होतं, शेतकऱ्याच्या घरात दिली तर शेतकऱ्याची होऊन राहायचं. मामी म्हणते, तिला जे सांगून घरात आणलं ते खोटं निघालं, त्यात तिचा काय दोष? मी दोघींच्या मध्ये आहे, आणि मधे राहून दोघींचीही बोलणी खाते. तू वाच आणि मला कळव, तुला कुणाचं पटलं आणि का.

तुझी,
आई